शाळेत लोककलावंत बोलवायचाय? तारीख सगळ्यात शेवटी ठरवा

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शाहीर, गोंधळी, भारूडकार किंवा नाटकवाली पोरं आणायची ठरली की बहुतेक ठिकाणी काम एकाच क्रमाने चालतं. आधी तारीख, मग अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे, मग मंडप आणि माईक, त्यानंतर कलावंताला फोन. मुलांचा विचार आदल्या दिवशीच्या परिपाठात होतो, तोही 'उद्या स्वच्छ गणवेश घालून या' एवढाच. प्रत्यक्ष दिवशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि मनोगतं यांत तास जातो. शाहिराच्या वाट्याला वीस मिनिटं येतात आणि तोवर पहिलीची लेकरं पेंगलेली असतात.

हा क्रम उलटा करायचा आहे: आधी मुलं, मग कलावंत, मग पैसे, मग तारीख. पाहुणे हवेतच असतील तर सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे मराठवाड्यातल्या, दोन ते पाच शिक्षकांच्या, पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी आहेत. मोठ्या शाळेने हेच टप्पे दोनदा करावेत, एकदाच मोठ्या गर्दीत करू नयेत.

१. कोणती मुलं आणि किती

पहिली-दुसरी आणि तिसरी-पाचवी हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत. लहान मुलं अर्धा तास रमतात. मोठी पाऊण तास टिकतात आणि गोष्ट धरून ठेवणारा कलावंत असेल तर तासभरही. दोन्ही गटांना एकत्र बसवलंत तर लहान गटाच्या वेळेवर थांबा.

एका वेळी साठ-सत्तर मुलांपेक्षा जास्त नकोत. एवढ्या मुलांना शाहिराचा मोकळा आवाज पुरतो, माईक लागत नाही. माईक आला की लाईट गेल्याची, शिट्टी वाजल्याची, वायरीत पाय अडकल्याची कटकट येते. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, म्हणजे शाळेनेच मोठे बॉक्स लावणं बरं दिसत नाही. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांची मुलं एका मैदानावर गोळा करायची कल्पना दर वर्षी कुठेतरी निघते. तिला नम्रपणे नाही म्हणा. पाचशेतल्या मागच्या तीनशे मुलांना फक्त फेटा दिसतो.

मग घरची भाषा बघा. तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीतल्या, शाळेत निम्म्या मुलांच्या घरी गोरमाटी बोलतात, किनवट-माहूर भागात गोंडी किंवा कोलामी, कुठे उर्दू. या मुलांसाठी शब्दांवर चालणारा प्रकार निवडला तर पहिली दहा मिनिटं वाया जातात. ताल आणि हालचालीचा प्रकार घ्या, किंवा त्या तांड्यावरच्या लेंगी (बंजारा होळीची गाणी) म्हणणाऱ्या मंडळींनाच बोलवा.

> तपासा: गोंगाटाला घाबरणारं, कमी ऐकू येणारं, नीट न दिसणारं मूल आहे का? संबळ आणि हलगी बंद खोलीत फार मोठी वाजतात. अशा मुलाची जागा आणि त्याच्याजवळ बसणारी व्यक्ती आजच ठरवा.

२. कोणता प्रकार

पहिल्यांदाच करत असाल तर पोवाडा घ्या. त्यात गोष्ट असते आणि शाहीर मध्येमध्ये थांबून बोलतो. झीलकऱ्यांची, म्हणजे शाहिरामागे साथीला गाणाऱ्यांची, 'जी जी जी' मुलांना पाच मिनिटांत येते. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवाजी महाराजांचा इतिहास आहेच, त्यामुळे वर्गात काय जोडायचं हा प्रश्नही पडत नाही.

भारूड मुलांना सगळ्यात जास्त हसवतं, आणि सगळ्यात जास्त छाननी त्यालाच लागते. पैठणच्या एकनाथांनी वासुदेव, जोशी, गारुडी अशी गावातली माणसं भारुडात आणली. ही सोंगं मुलांना लगेच कळतात, विंचवाच्या भारुडात तर पहिलीचं पोरही ओरडतं. पण आजच्या स्टेजवरच्या भारुडात मध्ये जे बोलणं घुसलंय, त्याबद्दल टप्पा ४ मध्ये लिहिलं आहे.

गोंधळ हा मुळात विधी आहे. पूर्ण शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाच्या कलम २८ मध्ये आहे, आणि वर्गात वेगवेगळ्या घरची मुलं बसलेली असतात. म्हणून चौक भरणं, पूजा, आरती वगळून संबळ-तुणतुण्याची साथ आणि आख्यान एवढंच मागा. चांगला गोंधळी आख्यानावर पाऊण तास काढू शकतो. हे आधी स्पष्ट बोललात तर कोणी रागावत नाही. ऐन वेळी थांबवलंत तर मात्र त्याचा अपमान होतो.

लातूर-धाराशिवकडचे देवीची गाणी म्हणणारे आराधी मेळे, आंबेडकरी जलसा आणि गायन पार्ट्या, खुलताबादकडची कव्वाली हेही हाताशी आहेत. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या तर प्रत्येक गावात आहेत. त्यांना कोणी 'कलावंत' म्हणत नाही म्हणून शाळेला त्या सुचतच नाहीत.

> सावध: साप, माकड घेऊन येणारे खेळ नकोत, वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकाल. लहान मुलांना दोरीवर चालवणारे खेळ, अंगावर आसूड मारून घेणं, अंगात येणं, पेटता पोत हेही शाळेत नको.

३. कलावंत शोधणं आणि आधी बघणं

ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत विचारा की ज्येष्ठ कलावंतांचं शासकीय मानधन कोणाला मिळतं. यादीतला प्रत्येक जण आज गाऊ शकेलच असं नाही, काहींनी कधी गायलंय की नाही याचीही गावात चर्चा असते. पण खरे गाणारे कोण, हे त्या यादीवरून विचारत गेलं की दोन घरांत कळतं.

दुसरा रस्ता तालुक्याच्या कॉलेजातून जातो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोवाडा, भारूड, लोकनाट्य बसवणारी पोरं तिथे असतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. तिथून शिकून गावी परतलेली मुलं-मुली प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. बालनाट्य हवं असेल तर ह्यांनाच धरा.

नाव मिळालं की त्या माणसाचा कार्यक्रम एकदा बघून या. मोबाईलवरचा व्हिडिओ पुरत नाही, त्यात प्रेक्षक दिसत नाहीत. पुढे बसलेल्या पोरांशी तो बोलतो का, की त्यांना हुसकावतो, एवढंच बघायचं. आवाज थोडा बसलेला असला तरी चालेल.

> सावध: जादूचे प्रयोग, बाहुल्यांचे खेळ घेऊन फिरणारी काही मंडळी 'साहेबांची परवानगी आहे' म्हणत झेरॉक्स पुढे करतात आणि प्रत्येक मुलामागे दहा-वीस रुपये मागतात. पत्राची तारीख, जिल्हा आणि 'शुल्क घ्यावे' असं कुठे लिहिलंय का ते वाचा. शंका आली तर केंद्रप्रमुखांना फोन लावा. खेळ चांगला असेल तर पुढच्या आठवड्यातही चांगलाच राहील.

४. कलावंताशी बोलणी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फोनवर नको, घरी जा. चहा होईल, ओळखीपाळखी निघतील, मग मुद्द्यावर या.

पहिल्यांदा हे सांगा की समोर मोठी माणसं नसतील. जत्रेतल्या किंवा लग्नाघरच्या कार्यक्रमाची सवय असलेला कलावंत हशासाठी ठरलेल्या जागा वापरतो: दारुडा नवरा, बायकोला मार, काळी-जाडी बाई, बोबडा, तोतरा. गावच्या प्रेक्षकाला यात वावगं वाटत नाही. वर्गात मात्र एखाद्या मुलीचा बाप खरंच दारू पितो, एखादा मुलगा खरंच तोतरा बोलतो, आणि कार्यक्रमानंतर महिनाभर त्याला त्याच नावाने हाक मारली जाते. 'अश्लील नको' एवढं सांगून भागत नाही, कारण हे त्यांच्या लेखी अश्लील नसतंच. एकेक उदाहरण घेऊन बोला.

दुसरं जातीचं. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, पोतराज ही कलेची नावं आहेत तशीच अनेक घरांची ओळखही आहे, आणि त्या घरातली लेकरं तुमच्याच वर्गात असू शकतात. त्या मुलाला पुढे करून 'हा आपल्या ह्याचा समाज' असं सांगू नका, आणि त्याला लपवूही नका. कलावंताला पाहुणा म्हणून खुर्ची, पाण्याचा तांब्या, मुख्याध्यापकांनी गेटवर जाऊन स्वागत, एवढं झालं की मुलं योग्य ते समजून घेतात.

तिसरं ओवाळणीचं. परंपरेने कार्यक्रमात झोळी किंवा ताट फिरतं. शाळेत ते फिरणार नाही आणि त्याची भर मानधनात धरली आहे, असं सांगा. हे सांगायचं राहून गेलं तर ताट फिरतं, ज्या मुलाकडे रुपया नसतो ते मान खाली घालून बसतं, आणि तुम्हाला मध्येच उठून थांबवावं लागतं.

चौथं, शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवायची. त्यात मुलं प्रश्न विचारतील आणि वाद्य जवळून बघतील. हात लावू द्यायचा की नाही हे वाद्याच्या मालकाने ठरवायचं. काही जण संबळ देवाचं म्हणून देत नाहीत, ते मान्य करायचं आणि मुलांनाही आधी सांगून ठेवायचं.

हे सगळं घरी येऊन एका कागदावर लिहा आणि त्याची प्रत त्यांना द्या: किती माणसं येणार, किती वेळ, काय सादर करणार, काय वगळणार, मानधन किती, गाडीखर्च कोणाचा, जेवण कोणाचं.

> तपासा: सोबत महिला कलावंत आहेत का? असतील तर कडी लागणारी खोली आणि चालू स्वच्छतागृह आहे का ते आज बघा, त्या दिवशी सकाळी नको.

५. पैसे आणि कागद

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे कार्यक्रमाची माहिती गावात पोचवायला याहून चांगली जागा नाही. ठरावात तीन गोष्टी हव्यात: कार्यक्रमाचं स्वरूप, खर्च कुठून, आणि मुलांकडून पैसे घेतले जाणार नाहीत. ठरावाची प्रत आणि साधं माहितीपत्र केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या.

समग्र शिक्षेतून येणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाला परस्पर हात घालू नका. ते पटसंख्येप्रमाणे येतं आणि त्यातून वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता भागवायची असते. लेखापरीक्षणात 'शाहिराचे मानधन' अशी ओळ निघाली की उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. लोकसहभाग सोपा पडतो. गावातल्या चार-पाच जणांना एकेक खर्च वाटून द्या, एकाने गाडी, एकाने जेवण, दोघांनी मानधन. सगळी रक्कम एकाकडून घेतली की तो माणूस भाषण मागतो.

पैसे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हातात असले पाहिजेत. कलावंत गाडीत बसण्याआधी मानधन मिळालंच पाहिजे, पाकिटात घालून, ऑफिसात, सही घेऊन. 'बिल टाकलंय, आलं की देतो' हे वाक्य त्यांनी फार शाळांतून ऐकलेलं असतं. मुलांसमोर नोटा मोजून देणं, 'अमक्या साहेबांकडून पाचशे एक' असं पुकारणं टाळा.

६. आता तारीख

मराठवाड्यात तारीख तीन गोष्टींवर ठरते: मुलं गावात कधी असतात, कलावंत मोकळा कधी असतो, आणि आभाळ.

बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या बऱ्याच गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही लेकरं आई-बापांबरोबर जातात. अशा गावात जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाला जोडून कार्यक्रम ठेवला की ज्या मुलांना तो सगळ्यात जास्त हवा असतो, तीच नसतात. तिथे जुलै ते सप्टेंबर हाच काळ धरा.

कलावंतांचं गणित वेगळं. नवरात्रात आणि लग्नसराईनंतर गोंधळी सापडत नाहीत. आषाढी वारीत भजनी मंडळी पंढरपूरच्या वाटेवर असतात. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीमुळे गायन पार्ट्यांना दम घ्यायला वेळ नसतो. सोयाबीनची काढणी लागली की अर्धे कलावंत स्वतःच शेतात असतात. उलट भाद्रपदातल्या पितृपक्षात लग्न नाही की जागरण नाही, तेव्हा ही मंडळी घरी असतात आणि हवा तेवढा वेळ देतात. कोणी 'पक्षात कार्यक्रम कसा' म्हणेल. शाळा त्या पंधरवड्यात रोज भरतेच, हे उत्तर पुरतं.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, शाहीर हवा असेल तर नेमका तोच दिवस मागू नका. त्या दिवशी त्याला तालुक्यात ठिकठिकाणी बोलावणी असतात आणि तुमच्याकडे तो धावत येतो. दोन-तीन दिवस आधी घ्या. १९४८ मध्ये काय घडलं ते मुलांना पोवाड्यातून आधी कळलेलं असेल, तर झेंडावंदनाला ती कशासाठी उभी आहेत हेही कळेल.

वार शनिवार बरा. राज्यात २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे, त्यात कलेचा तास सहज बसतो आणि वेगळी परवानगी मागत बसावं लागत नाही. कोणताही वार घेतलात तरी पोषण आहाराच्या आधीची वेळ टाळा. खिचडीचा वास सुटला की पोवाडा संपला.

७. जागा

व्हरांडा, मोठा वर्ग, झाडाची सावली, या क्रमाने बघा. मैदानावरचा मंडप शेवटचा. पावसाळ्यात पत्र्याचा वर्ग घेऊ नका, सर आली की पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. उन्हात मुलांच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून सकाळी त्यांची पाठ पूर्वेला ठेवा.

सतरंज्या अर्धगोलात टाका. लहान पुढे, मोठे मागे. पहिल्या रांगेपुढे दोन-तीन पावलांची मोकळी जागा सोडा, भारूडवाला नाचत पुढे येतो. शिक्षकांच्या खुर्च्या बाजूला ओळीने मांडू नका, शिक्षकांनी मुलांमध्ये सतरंजीवर बसायचं.

पावसाळी दमट हवेत डफ आणि हलगीचं कातडं सैल पडतं, वादक ते शेकून घेतात. त्यासाठी थोडं गवत, पाचट आणि शाळेच्या मागची मुलांपासून लांबची जागा ठेवा. पाण्याची बादली जवळ असू द्या.

८. आधीचे दोन तास

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात प्रत्येक वर्गाला दोन तासिका द्या.

पहिल्या तासिकेत फक्त आवाज. डफ, तुणतुणं, झांज यांचे आवाज मोबाईलवर, चित्र न दाखवता ऐकवा आणि मुलांना विचारा, हे कशाचं बनलं असेल? कातडं, तार, पितळ. त्यांचे अंदाज फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका. दुसऱ्या तासिकेत झील शिकवा, टाळ्यांवर, कुठे म्हणायची आणि कुठे गप्प राहायचं ते. गोष्ट मात्र सांगू नका. शेवट माहीत असलेली मुलं शाहिराच्या आधी ओरडून सांगतात.

तिसरीच्या वरच्या मुलांनी एकेक प्रश्न लिहावा. 'तुम्हाला ही कला कशी आवडली' छापाचे प्रश्न बाजूला काढा. 'तुमचा घसा दुखत नाही का', 'हे कातडं कोणत्या जनावराचं', 'तुम्ही शाळेत होता का' हे ठेवा.

> तपासा: फोटो-व्हिडिओ कोण काढणार? एकच व्यक्ती, मागून, पहिली पाच मिनिटं. बाकीचे मोबाईल ऑफिसात. मुलांचे चेहरे गावाच्या ग्रुपवर टाकायचे असतील तर पालकांना आधी विचारा.

९. त्या दिवशी

कलावंत अर्धा तास आधी यावेत. चहा, वाद्यं लावणं, जागा बघणं यांत तेवढा वेळ जातोच. मुलांना सगळी तयारी झाल्यावर, लघवी-पाणी करून बसवा.

स्वागत दोन मिनिटांत संपवा. कलावंताचं नाव, गाव, वाद्य एवढं एखाद्या मुलीने सांगावं. सत्कार करायचाच असेल तर शेवटी, प्रश्नोत्तरांनंतर. सरपंच आले तर त्यांनाही सतरंजीवर मुलांमध्ये बसवा. बहुतेकांना ते आवडतं आणि भाषणाचा विषय आपोआप मिटतो.

कार्यक्रम चालू असताना शिक्षकांनी 'हाताची घडी, तोंडावर बोट' करू नये. मुलं हसतील, उभी राहतील, झील चुकवतील. कलावंताला ते चालतं. फक्त दोन गोष्टींवर नजर ठेवा: घाबरलेलं मूल, आणि टप्पा ४ मध्ये वगळलेलं बोलणं परत येतंय का. आलंच तर मध्ये पडू नका, नजरेने खूण करा. खूण काय करायची ते आधी ठरलेलं असावं.

कलावंतांबरोबर कोणतंही मूल एकटं राहणार नाही, कपडे बदलायच्या खोलीकडे मुलं जाणार नाहीत, एक शिक्षक कायम सोबत. माणूस कितीही ओळखीचा असो, नियम तोच.

१०. नंतर, आणि दुसरी भेट

'कार्यक्रमावर दहा ओळी लिहा' हा गृहपाठ देऊ नका. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे अंदाज पुन्हा बघा, कोणाचा बरोबर निघाला ते. बाकावर ठेका वाजवायला सांगा. पोरं स्वतःहून डब्याचा डफ करतील, तो आठवडाभर वर्गात राहू द्या.

पैसे थोडेच असतील तर वर्षात तीन वेगळे कलावंत आणण्यापेक्षा एकाच कलावंताला तीनदा आणा. पहिल्या भेटीत मुलं बघतात. दुसऱ्या भेटीत मंडळी सगळी नको, एकटा शाहीर दोन तास आला तरी पुरे, तो प्रत्येक वर्गात जाऊन ठेका आणि झील नीट बसवून घेतो. तिसऱ्या भेटीत आठ-दहा मुलं त्याच्यामागे झीलकरी म्हणून उभी राहतात आणि पालक बघायला येतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीचं मानधन पहिल्या बोलणीतच ठरवा, आणि पहिली भेट संपल्यावर त्याच ऑफिसात, पाकीट देताना, दुसरी तारीख वहीत लिहून घ्या.

वहीत आणखी तीन नोंदी करा: प्रत्यक्ष किती वेळ चाललं, मुलं कुठे कंटाळली, आणि कलावंताला काय खटकलं. तिसरी नोंद विचारल्याशिवाय मिळत नाही. गेटपर्यंत सोडायला जाताना विचारा. बदली होऊन दुसरे सर किंवा मॅडम आल्या तर ही वही आणि कलावंताचा नंबर चार्जच्या यादीत लिहून द्या.